कलम चौथे : स्नोमोबिल

आता ती दोघं बर्फावरच्या गाडीवरून कालव्याच्या कडेने वळली आहेत. पुढे कालेब, मागे शुलामीथ. तिचे हात त्याच्या कमरेला आहेत. स्वयंपाकघराच्या टेबलावरून तिचं लाल हेल्मेट दिसतं, डेरेकच्या शेडमागे जातं, पुन्हा दिसतं. हेल्मेट तिच्यासाठी मीच आणलं होतं. इतकी वर्षं कपाटात होतं. त्याचं लेबल तिने आज दातांनी तोडलं, कालेबसमोर.

मी, एलिजा सॅम्युअल झिराडकर, वय अडुसष्ट, निवृत्त पंप इंजिनिअर, राहणार स्पॉल्डिंग, लिंकनशायर, हे माझं शेवटचं मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीचं कोणतंही मृत्युपत्र धरू नये. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही. ती मंगळवारी बदलणार आहेत. मला कोणी भरीला घातलेलं नाही. भरीला घालायला आत्ता घरात कोणी नाही.

कलम पहिले. एक्झिक्युटर म्हणून माझी मुलगी टालिया, राहणार हाउन्सलो, हिला नेमतो. तिला मराठी वाचता येत नाही. फोनवर म्हणाली, "डॅड, इंग्लिशमध्ये लिहा ना. मला कसा कळणार तुमचा विल?" सॉलिसिटरला सगळंच कळावं अशी माझी इच्छा नाही, म्हणून मराठीत लिहितो. शुलामीथने टालियाला हे मोठ्याने वाचून दाखवावं. काही गाळू नये.

कलम दुसरे. राहतं घर माझी पत्नी शुलामीथ हिला. बँकेतली शिल्लक तिला आणि टालियाला निम्मी निम्मी. घराखालची जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. मी नोकरीभर पंप चालवून हा मुलूख कोरडा ठेवला. न आलेल्या पाण्याबद्दल कोणी बोलत नाही. शुलामीथही बोलली नाही. तक्रार नाही, नोंद आहे.

कलम तिसरे. हत्यारं टालियाला. तिला नको असतील तर ज्याला वापरता येतात त्याला. शेजारचा शेतकरी डेरेक याच्याकडे माझा टॉर्क रेंच आहे. तो परत आणावा. "उद्या देतो" हे उत्तर स्वीकारू नये.

कलम चौथे. स्नोमोबिल.

हे कलम ती दोघं परत आल्यावर पुरं करीन. तोवर गाडी माझ्याकडे कशी आली ते लिहून ठेवतो, कारण टालिया विचारील.

माझा धाकटा भाऊ कालेब कॅनडात डोंगरांमध्ये राहतो. आम्ही एका हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. त्याने शुलामीथला स्नोमोबिलवर मागे बसवून वर नेलं. मी खाली पार्किंगमध्ये थांबलो. ती परत आली तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ होता आणि ती हसत होती. मला तिचं हसणं माहीत आहे. हे माहीत नव्हतं. कालेब म्हणाला, "दादा, वहिनीला स्पीड आवडतो. तुला कधी सांगितलं नाही?"

परत आल्यावर मी स्कॉटलंडमधल्या एका माणसाकडे तशीच जुनी गाडी शोधली. तशीच म्हणजे डोंगरातली: खाली चाकांऐवजी फिरणारा लांब पट्टा, पट्ट्यावर रबराचे उंच दात, चढावर रुतू नये म्हणून. त्याने विचारलं, कुठे चालवणार? मी गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, डोंगरही मागवला आहे का?

गाडी घरी आली त्या शनिवारी, अंधार पडल्यावर, शुलामीथने मलिदा केला. आम्हा मराठी ज्यूंमध्ये नवीन गाडी आली की करतात. पोहे, खोबरं, साखर, पाच फळं. प्रेषित एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन झाल्यावर ती म्हणाली, "आता हिला बर्फ दिसू दे." मला वाटलं ती चेष्टा करते आहे. अजून ठरवता आलेलं नाही.

बर्फ दिसला नाही. दिसला तेव्हा दुपारपर्यंत वितळला. दर हिवाळ्यात मी गॅरेजमध्ये गाडीचं मागचं टोक उचलून इंजिन चालू करत असे, पट्टा हवेत फिरवत असे. शुलामीथला मागे बसायला सांगत असे. ती म्हणायची, "अहो, पेट्रोलचा वास येतो. आणि जायचंय कुठे? फ्रीजपर्यंत?"

कालेब व्हिडिओवर हसायचा. "दादा, विक ती. नाहीतर माझ्याकडे पाठव. इथे तिला घरी आल्यासारखं वाटेल." शुलामीथ म्हणायची, द्या ना त्याला.

काल रात्री बर्फ पडला आणि गोठला. कालेब माझ्या ऑपरेशनसाठी इथे आहे. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "एक चक्कर मारून आणतो, दादा. गंजून जाईल. वहिनी, येता?" तिने पेट्रोलच्या वासाचं नाव काढलं नाही. "हळू चालव रे," एवढंच म्हणाली. मला अहो म्हणते. त्याला अरे. लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता, म्हणून. कारण मला माहीत आहे. कारण माहीत असून भागत नाही.

आणखी एक गोष्ट मला माहीत आहे. या गाडीचं इंजिन बर्फाने थंड होतं. पट्टा मागून सैल बर्फ उडवतो, तो खालच्या नळ्यांवर बसतो. डोंगरात बर्फ खोल असतो, त्यामुळे कालेबला याचा विचार कधी करावा लागला नाही. डेरेकच्या शेतातला बर्फ बोटभर आणि काचेसारखा आहे. अशा बर्फावर इंजिन आतल्या आत तापतं.

हे सांगायला मी दारापर्यंत गेलो होतो. शुलामीथ हेल्मेटचा पट्टा लावत होती. कालेबने वाकून तो नीट केला. मी दार लावून घेतलं.

कलम पाचवे. माझा भाऊ कालेब याला काही नाही. वडिलांचं घड्याळ त्याच्याकडे आहे. मोठा मी आहे. मी मागितलं नाही, त्याने विचारलं नाही.

कलम सहावे. मला नॉटिंगहॅमला आपल्या दफनभूमीत पुरावं. इथे खणलं की पाणी लागतं. उतारावर जागा मिळाली तर बरं.

इंजिनाचा आवाज बंद झाला आहे.

खिडकीतून काही दिसत नाही. अंधारून येतं आहे. शेताच्या त्या टोकाला कालवा आहे. त्याच्यावरही बर्फ धरला असेल, आणि तो किती पातळ असतो ते माझ्याइतकं इथे कोणाला माहीत नाही.

मी कोट घालून फाटकापर्यंत गेलो. हाका मारल्या. डॉक्टरांनी थंडीत जायला मनाई केली आहे. उत्तर आलं नाही. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि कालेबचं नाव न घेता फक्त तिचं घेतलं.

मग दोघं दिसली, चालत येताना. दोघांच्या मध्ये बरंच अंतर होतं. पुढे शुलामीथ होती, हेल्मेट हातात.

"दादा, लाल दिवा लागला आणि बंदच पडली," कालेब लांबून ओरडला. "माझ्याकडे असं कधी झालं नाही!"

"तुझ्याकडे बर्फ आहे," मी म्हणालो.

शुलामीथ माझ्यासमोर थांबली. तिचं नाक लाल झालं होतं. ती हसत नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

मी तिच्यासाठी फाटक उघडलं.

"कालव्याच्या काठावर बंद पडली, अहो. आणखी थोडं पुढे असतो तर?" मग माझ्या कोटाकडे बघून म्हणाली, "आत व्हा. बटणं तरी लावायची."

कलम चौथे, पुढे. सदर स्नोमोबिल टालियाने विकावी. कोणालाही विकावी. कालेबला विकू नये. त्याने दुसऱ्या कोणाच्या नावावर मागितली तरी विकू नये.

संध्याकाळी डेरेक आला, गाडी उद्या ट्रॅक्टरने ओढून आणतो म्हणाला. साक्षीदार दोन लागतात आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. डेरेकला मराठी येत नाही. सही करताना त्याने विचारलं, "यात मी आहे का?" मी म्हणालो, "रेंचपुरता." तो म्हणाला, उद्या देतो. कालेबने न वाचता सही केली. पेन परत देताना म्हणाला, "मला काही ठेवलं नाहीस ना, दादा? मग ठीक." त्याला यात काही नाही, म्हणूनच तो साक्षीदार म्हणून चालतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आहे आणि खालच्या दोघांसमोर, दोघं एकत्र हजर असताना, त्यावर सही केली आहे.

एलिजा सॅम्युअल झिराडकर

साक्षीदार : कालेब सॅम्युअल झिराडकर
साक्षीदार : डेरेक हॉलंड, शेतकरी

स्पॉल्डिंग, जानेवारी २०२६

दुसऱ्या दिवशी सकाळी. कलम चौथे बदलायचं आहे. स्नोमोबिल शुलामीथला. नवीन प्रत करून दोघांच्या सह्या चहानंतर पुन्हा घेईन. तोवर या ओळींना कायद्यात किंमत नाही.

डेरेकने ट्रॅक्टरला साखळी लावली. ओढताना गाडीवर कोणालातरी बसून हँडल धरावं लागतं. कालेबने पाय टाकला.

"उतर," शुलामीथ म्हणाली.

"वहिनी, हँडल जड आहे."

"उतर म्हटलं ना."

ती बसली. ट्रॅक्टर निघाला, साखळी ताणली गेली, गाडी बर्फावरून घसरू लागली. मी फाटकाशी उभा होतो, कोटाची बटणं लावून. अर्ध्या शेतात ती हसायला लागली. तेच हसणं. तिच्या पुढे कोणी नव्हतं, साखळी होती.

कालेब पट्ट्याच्या खुणेवरून मागे चालत येत होता, हात खिशात घालून, तिच्या पाठीकडे बघत. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला, खाली पार्किंगमध्ये थांबलेल्या माणसाचा.

गाडी सरळ फाटकाकडे आली.

"अहो, बाजूला व्हा!" शुलामीथ ओरडली.

मी बाजूला झालो.