भात येईपर्यंत

तीर्थस्वरूप चंद्रमती वन्संना राजलक्ष्मीचा वाकून नमस्कार. बृहदीश्वराच्या कृपेने तंजावुरात आम्ही दोघं ठीक आहोत. पुण्याच्या थंडीत तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवावे. फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते.

गणेशकुमारला मुलगी दाखवायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत, ते पार पडलं. मुलगी श्रीविद्या, राजवाड्याजवळच्या हनुमंतरावांची नात, बँकेत आहे. आजोबा चौऱ्याऐंशीचे, घरात शब्द त्यांचाच. (आपली आधीची पाच स्थळं अशाच कुणाच्या ना कुणाच्या शब्दावर मोडली, ते तुम्हाला काय सांगायचं.) मी म्हटलं घरी बोलावू, तर तुमचा मुलगा म्हणाला, "मामी, मोकळं बोलता आलं पाहिजे," आणि नव्या हॉटेलात टेबल सांगून बसला. तिथे स्पेन देशाचं जेवण मिळतं. आम्ही तिघं, तिकडून आजोबा, मुलगी आणि तिची आई कनकलता.

त्या देशात ताट वाढायची पद्धतच नाही. लहान लहान बशा एकामागून एक येत राहतात आणि सगळ्यांनी त्यातूनच उचलायचं. (उष्ट्याखरकट्याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.) पहिल्या बशीत मिठाच्या पाण्यातली हिरवी फळं आली. हनुमंतरावांनी पाण्याचा पेला उजव्या हाताशी ओढून घेतला, म्हणाले, "भात येऊ दे," आणि डोळे मिटून बसले. भाताशिवाय चित्राहुती कशाची घालणार, आणि त्यांनी घातल्याशिवाय पंगतीत हात कोण लावणार? वाढप्याला विचारलं. तो म्हणाला, "अम्मा, भात शेवटी. चाळीस मिनिटं लागतील."

बसलो. बटाटे आले, निवले. वांगी आली, निवली. एक जाड भाकरीसारखं काही आलं, त्यात अंडं निघालं. ते मी नुसत्या नजरेने परत पाठवलं. टेबलावर जागा उरेना, तेव्हा वाढप्याने घाबरत यांना विचारलं, "सार, काही चुकलं का?" हे म्हणाले, "नाही, आमचं जेवण चाललंय."

शेवटी लोखंडी तव्यातून पिवळा भात आला. वर तुपाचा थेंब नाही. आजोबांनी चार शितं बाजूला ठेवली, एक घास घेतला आणि म्हणाले, "हा अजून शिजतोय." आम्हीही एकेक घास घेऊन उठलो. जेवण वाया गेलं. पण हे लग्न होणार, असं मी तुम्हाला आजच लिहून देते.

आशीर्वाद असावा.
राजलक्ष्मी

ता. क. पत्र चिकटवायच्या आत कनकलता येऊन गेली. होकार आहे. आजोबा म्हणाले म्हणे, "समोर सात बशा, आणि पोराने मोठ्यांच्या आधी बोट लावलं नाही. आणखी काय बघायचं?"

पुन्हा ता. क. मुख्य काम राहिलंच. त्या दिवशी निघण्याआधी मी घरी डाळतांदळाच्या जाड अडै केल्या होत्या. हॉटेलात फार मागवावं लागू नये म्हणून आम्ही तिघांनी त्या पोटभर खाल्ल्या. आता हा धर्मराज म्हणतो, फुकटचं कौतुक नको, आजोबांना खरं सांगतो. तुम्ही त्याची आई. साखरपुड्यापर्यंत त्याला आवरा. खोटं बोल असं मी म्हणत नाही. कुणी विचारल्याशिवाय बोलू नको, एवढंच.

शेवटचं ता. क. त्याने श्रीविद्याला सांगून टाकलं. आत्ताच तिचा फोन आला, हसू आवरत नव्हतं तिला. म्हणाली, "मामी, तुम्हाला कळलंय असं आजोबांना दाखवू नका हं. तेही घरून दहीभात जेवूनच निघाले होते."