'रेडा' आणि इतर दोनशे तेरा आवाज यांची व्यवस्था

मी, इंद्रायणी राधाकिसन पडूळ, वय २९, धंदा नोकरी, राहणार अंबड, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी सांगितलेले नाही, कोणी अडवलेलेही नाही. घरात कोणाला माहीतच नाही. बुद्धी शाबूत आहे. उजव्या कानामागे, ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे. ती येत्या मंगळवारी संभाजीनगरला काढायची आहे. उजवा कान जाणार हे नक्की. जीव जाण्याची शक्यता डॉक्टरांनी शंभरात दोन सांगितली. हा कागद त्या दोनसाठी आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला असून जालन्याच्या एका लोखंड कारखान्यात वजनकाटे आणि मीटर तपासते. याशिवाय सात वर्षे धाकटा भाऊ आदिनाथ याच्या डीजेच्या गाडीसाठी आवाज तयार केले. गाणी नव्हे, आवाज: गाणे सुरू होण्याआधी गर्दीला थांबवणारा, बेस कोसळण्याआधी वर चढत जाणारा, असे. ते कुठून उचललेले नाहीत. सिंथेसायझरवर शून्यापासून बांधले आहेत. एकूण २१४.

१. बँकेतील ठेव आई नंदाबाई हिला. बाबांनी त्यातून गाडीचे टायर घेऊ नयेत.

२. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचे सामान कारखान्यातील माझी सहकारी मोनाली हिला. ती वस्तू घेतल्या जागी परत ठेवते. याच कारणाने या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

३. राहत्या घरात माझा कायद्याने जो हिस्सा निघेल तो कायद्याने ज्याचा त्याला जावो. माझी खोली म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे कोणाला उभे राहता येत नाही, त्यामुळे त्यावर भांडण होऊ नये.

४. आदिनाथ याला मी एकही फाइल देत नाही. त्याच्या लॅपटॉपवर असलेल्या आज सकाळी काढून घेतल्या. त्याला 'रेडा' हा आवाज हवा असणार, म्हणून तो बांधण्याची पद्धत देते.

आवाजाला आधी लाट लागते. साइन लाट गोल, शिट्टीसारखी. स्क्वेअर पोकळ, पुंगीसारखी. सॉ करकरीत. आदिनाथ, दोन सॉ लाटा घे. दुसरी पहिलीपेक्षा केसभर बेसूर ठेव, सात सेंट. दोघी एकमेकींवर घासतात आणि आवाज रुंद होतो. मग फिल्टर. तो वरचा तिखटपणा कापतो. बंद ठेवून सुरुवात कर आणि अर्ध्या सेकंदात उघडू दे. जनावराने तोंड उघडल्यासारखे ऐकू येईल. हे उघडणे-मिटणे एन्व्हलप ठरवतो: आवाज किती वेळात उठतो, किती टिकतो, किती वेळात मरतो. उठायला पाच मिलिसेकंद दे. शून्य दिलेस तर सुरुवातीला टक् होते. शेवटी एलएफओ. ही इतकी संथ लाट आहे की ती स्वतः ऐकू येत नाही, फक्त दुसऱ्याला हलवते. तिने रेड्याचा गळा थरथरतो. सगळ्याखाली ४५ हर्ट्झची एक साइन, दोन्ही बाजूंना सारखी. बेस डावा-उजवा करायचा नसतो.

रेझोनन्स म्हणजे आवाज मोठा करायचे बटण नव्हे; फिल्टर जिथे कापतो तिथला सूर ते टोकदार करते. हे वेगळे लिहिते, कारण राजूरच्या लग्नात मी नसताना त्याने ते शेवटपर्यंत फिरवले. परण्या, म्हणजे नवरदेवाची वरात, मारुतीच्या देवळाकडे निघाला होता. फिल्टर किंचाळला, वरचे चारही टॉप, म्हणजे तिखट आवाजाचे स्पीकर, जळाले आणि घोडा नवरदेवाला झेंडूच्या माळांसकट टाकून पुढे गेला. मागून नवरदेवाचे मामा ओरडले, "अय डीजे, आमचा नवरदेव कुठंय?" आदिनाथने तिथूनच मला फोन लावला.

"ताई, काय करून ठेवलं तू? रेडा किंचाळून राह्यला!"

"काय फिरवलं?"

"ते रेझोनन्स. दबका वाटला, फुल्ल केला."

गावात मात्र त्याने सांगितले की बहिणीने सेटिंग बिघडवली. ते आजही तसेच सांगितले जाते. या कागदाने ते दुरुस्त व्हावे.

५. 'रेडा' हे नाव गर्दीने दिले, मी नाही. २०२२ साली मंठ्यात दोन डीजे गाड्या समोरासमोर लावून स्पर्धा होती. लोक "रेडा सोड, रेडा!" म्हणून नाचत होते. निवेदकाने माइकवर विचारले, "हा रेडा पाळला कोणी रे?" आदिनाथ म्हणाला, "घरचाच हाय दादा! मीच पाळला, मीच सोडला!" मी गाडीमागे जनरेटरजवळ लॅपटॉप धरून उभी होते.

घरी आल्यावर विचारले. तो म्हणाला, "एवढ्या गर्दीत तुझं नाव घेऊ का? बहिणीच्या जिवावर डीजे म्हणतील लोक." बाबा जेवत होते. ताटातून वर न बघता म्हणाले, "बराबर बोलून राह्यला तो. पोरीचं नाव माइकवर कशाला?"

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक आवाजावर दर चाळीस सेकंदांनी "डीजे आदी, अंबड" असे ओरडलेले ऐकू येते. मागच्या आठवड्यात हाच डीजे आदी म्हणाला, "ताई, ऑपरेशनच्या आधी सगळं पेनड्राइव्हवर टाकून दे. जल्दी कर, लग्नसराई लागली." कोणता कान, हे त्याने अजून विचारलेले नाही.

६. सिंथेसायझर, त्याची पावती आणि सर्व आवाजांच्या मूळ फाइली आदिनाथची पत्नी प्रीती हिला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

आमच्या स्वयंपाकघरात ज्वारीची पत्र्याची कोठी आहे. मी बेस लावला की ती थरथरते, आणि कोठी थरथरली की बेस पुरे, असे मी धरत असे. दीड वर्षापूर्वी प्रीती कोठीवर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, कोठी वाजून राह्यली, पण छातीत काही होत न्हाई." मोजले. कोठी ६२ हर्ट्झला वाजत होती. खालचे ४५ जवळजवळ नव्हतेच. मी डिप्लोमा केलेली, आणि पत्र्याच्या डब्यावर विश्वास ठेवून बसले होते.

त्यानंतर उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले, तेव्हा मी तिला शेजारी बसवू लागले. आवाज मध्यभागी आहे की कलला आहे, ते ती सांगे. "तुमच्या बाजूला दाटलाय, माझ्याकडं रिकामा हाय." तिचे कधी चुकले नाही. शेवटचे चौदा आवाज असे झाले. प्रत्येक फाइलवर फक्त माझे नाव होते. तिचे घालावे असे मला कधी सुचले नाही. सुचले नाही हेही पूर्ण खरे नाही. एकदा सुचले आणि मी फाइल बंद केली.

त्यामुळे हे कलम मृत्यूची वाट पाहत नाही. आज दुपारी मी त्या चौदा फाइलींवर दोघींची नावे घातली, पासवर्ड बदलला आणि तो तिला सांगितला. ते चौदा आजपासून तिचे. माझ्या मालमत्तेत आता दोनशे उरतात.

ती भांडी घासत होती. म्हणाली, "त्यांनी मागितलं तर न्हाई म्हणू?"

मी म्हटले, "तुझं आहे. तू ठरव."

तिने हात धुतले, पुसले आणि मग विचारले, "मंग वन्सं, आधी का न्हाई लिहिलं माझं नाव?"

त्याचे उत्तर या कागदातही नाही.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर पुन्हा वाचला; बदलण्यासारखे काही आढळले नाही.

सही: इंद्रायणी राधाकिसन पडूळ

इंद्रायणी यांनी आमच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत. आम्ही त्यांचे नातेवाईक नाही व आम्हाला यातून काही मिळणार नाही. मजकूर वाचायला न मागता सही करण्यास आम्ही तयार झालो, म्हणून आम्हाला बोलावले.

साक्षीदार १: हरिओम भगवान काळे, मोबाइल दुरुस्ती, अंबड
साक्षीदार २: साहेबराव दगडू खरात, निवृत्त शिक्षक, अंबड

स्थळ: अंबड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५