पडलेल्या घराचे दगड

दुबई, १९९६

तीर्थरूप आईस, भिवाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? सध्या एका अरब म्हाताऱ्याचं घर बांधतोय. त्याच्या पाडलेल्या जुन्या घराचे दगडच नव्या भिंतीत बसवतोय.

"माझे वडील त्याच घरात गेले," तो हिंदीत म्हणाला.

"मग हे दगड कशाला, बाबा?"

"त्यांचा हात लागलाय यांना."

धाकट्या मारुतीने कळवलं, भूकंपात पडलेल्या आपल्या घराचे दगड तो गोठ्याला घेणार म्हटल्यावर तू त्याच्याशी बोलणं सोडलंस. बाबा त्यांच्याखालीच गेले, हे मी विसरलो नाही. तू नको म्हणशील तर नको. पण बाबांनी स्वतः घडवलेला उंबऱ्याचा दगड तेवढा टाकू देऊ नकोस. कुठे बसवायचा, ते मी आल्यावर तूच सांग.

तुझा भिवा