बिनभिंतीचं घर आणि गावची लग्नं

मु. कुंडल, वैशाख, सन १९४७

तीर्थस्वरूप लालासाहेब मामांच्या चरणी जावई हंबीररावाचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला दमा कसा आहे? मधातलं औषध वेळेवर घेता ना? (घेत नाही हे ठाऊक आहे, पण विचारायची रीत आहे.) इकडे मी आणि म्हैस दोघेही धडधाकट. आपली थोरली कन्या चैत्राअखेरीपासून तिकडे फलटणला आहे, त्यामुळे तिची बाजू आपण ऐकली असेलच. आता जावयाचीही थोडी ऐकून घ्यावी.

पलटणीत असताना ब्रह्मदेशात आम्ही लाकडाचे पूल बांधले, मोठमोठ्या कोठ्या उभारल्या. तेव्हाच ठरवलं होतं की घर बांधीन तर तसंच. आपल्याकडच्या घरात जिकडे तिकडे खांब. पंगतीला बसलं की वाढणारी एका खांबाआडून येते आणि दुसऱ्याआड जाते, आणि तुपाची वाटी नेमकी मधेच संपते. म्हणून माझ्या घराचे सगळे खांब कडेने, त्यांवर तुळया, वर छप्पर पेलणाऱ्या तिकोनी लाकडी कैच्या, आणि मधे सगळं मोकळं. पाटणहून सागवान आणलं. अर्जुना सुताराने खिळा न ठोकता खांबांची कुसवं, म्हणजे तासलेली टोकं, तुळयांच्या भोकांत अशी बसवली, की वर म्हैस चढवली तरी करकरणार नाही. कौलंही चढली आणि आम्ही राहायलाही आलो. राहिल्या फक्त भिंती. सगळं वजन खांबांवर असल्यामुळे भिंतींना तसं काही कामच नाही, त्या पावसाळ्याआधी कधीही घालू, असं मी चावडीवर सांगत सुटलो. आपण तेव्हा म्हणाला होता की आधी भिंतींचं बघा. मी हसलो होतो. ते हसणं या पत्राने मागे घेतो.

झालं असं, की शेजारच्या हरिबाच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या दिवशी वळवाचं वारं सुटलं आणि हरिबाचा मांडव उडून ओढ्यापलीकडे गेला. वऱ्हाड येऊन मारुतीच्या देवळात बसलेलं. हरिबा डोईचं मुंडासं हातात घेऊन दारात उभा राहिला (दार नव्हतंच, पण जिथे होणार होतं तिथे). मी फौजी माणूस, अडलेल्याला नाही कसं म्हणणार? त्यांनी पुढच्या खांबाला आंब्याचे डहाळे बांधून देवक बसवलं, आणि माझ्या घरात पहिली अक्षता पडली ती दुसऱ्याच्या पोरीवर. सगळ्यांनी वाखाणलं. कुणाच्याही डोळ्यांआड खांब नाही, नवरानवरी पार मागच्या म्हातारीलासुद्धा दिसतात, असं जो तो म्हणू लागला. अर्जुनाला तर हरिबाने फेटा बांधला. तो फेटा मिरवत त्याने वऱ्हाडी मंडळींना कैची समजावून सांगितली, आणि जाताना दोघातिघांनी आपापल्या घरच्या लग्नांच्या तिथी माझ्याकडे सांगून ठेवल्या.

आता अडचण अशी, की खांबाला देवक आहे तोवर देवाला धक्का नको म्हणून अर्जुना चौकटी बसवायला हातोडा उचलत नाही, आणि चौकटींशिवाय भिंती चढत नाहीत. एक देवक उठतं न उठतं तोच दुसरं बसतं. (अर्जुनाला प्रत्येक लग्नात फेटा मिळतो, त्यामुळे त्याची भक्ती वाढतच चालली आहे.) भिंतींसाठी आणलेल्या विटा आचाऱ्यांनी चुलवणाला लावल्या. त्या परत मिळतात, पण कोळशासारख्या काळ्या होऊन. आपल्या कन्येने पुष्कळ सोसलं. वऱ्हाडाने तिच्या पिण्याच्या पाण्याने पाय धुतले, तिने घागर पुन्हा भरून आणली. पहाटे डोळे उघडले तर उशाशी नवऱ्यामुलाच्या आत्या हळद कालवत बसलेल्या, तेव्हा तिने अंथरूण उचलून दुसऱ्या खांबाशी नेलं. पण एके दिवशी ती स्वतःच्या चुलीपाशी भाकऱ्या थापत असताना एका बाईने मायेने विचारलं, "बाई, तुमी कुणाकडच्या? पोराकडच्या का पोरीकडच्या?"

ती उठली, हात धुतले, आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, "मांडवात कुणी संसार करत न्हाई. भित झाली की सांगावा धाडा." आणि त्याच लग्नाचं वऱ्हाड फलटणकडे परत निघालं होतं, त्यांच्याच गाडीत बसून ती आपल्याकडे आली. त्या बायांनी वाटेत तिला पुन्हा तेच विचारलं असेल, या भीतीने मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मामा, खरं सांगतो, करमत नाही. दिवसभर माणसं असतात, सनई असते, बुंदी असते. मंडळी गेली की एवढ्या मोकळ्या घरात मी एकटा बसतो, आणि मधे एखादा खांब असता तर टेकायला तरी झाला असता असं वाटतं. तिला काही सांगू नका. माझं मागणं काही नाही, नुसती हकीकत कळावी म्हणून लिहिलं. धाकट्या अंबूला आशीर्वाद.

आपला, पण सध्या गावाच्याच उपयोगी पडणारा,
हंबीरराव

ता. क. अंबूचं लग्न ज्येष्ठात ठरल्याचं कळलं. आपलं अंगण लहान, वळवाचा भरवसा नाही. माझी जागा आपलीच समजावी. मामी देवाघरी गेल्यामुळे देवकाला नवराबायकोची जोडी आमचीच बसावी लागणार, म्हणजे थोरलीला यावंच लागेल. भिंतीचा विषय तूर्त काढू नये.

आणखी ता. क. देवकाला बसलेल्या बाईने ते उठेपर्यंत गावची वेस ओलांडायची नसते, असं आमच्याकडे मानतात. तेव्हा लग्न उरकल्यावर आपण एकटेच खुशाल फलटणला निघावं. देवक उठवण्याची घाई करू नये. मी अर्जुनालाही तसंच सांगून ठेवलं आहे.