कॉनकॉर्ड उतरलं तो शुक्रवार

आई,

ज्या शुक्रवारी कॉनकॉर्ड शेवटचं उतरलं, त्या दिवशी तू दुपारी तीन वाजताच साडी नेसून तयार होतीस. कुवेतमध्ये तू साडी नेसायचीस ती दिवाळीला, नाहीतर कुणी कायमचं गावी निघालं की त्याला पोचवायला एअरपोर्टवर जाताना. एरवी हॉस्पिटलचा पांढरा युनिफॉर्म आणि घरी गाऊन. मी हवल्लीतल्या आपल्या फ्लॅटच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात भांडी विसळत होते आणि मनातून धुमसत होते. वीस वर्षांची होते, एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसत होते, आठवड्याला एकच सुट्टी, आणि ती तू एका विमानासाठी मागून घेतली होतीस. तेही कुवेतला येणारच नव्हतं अशा विमानासाठी. "टीव्हीवर दाखवणारेत, इथेच बघू की," मी म्हणाले. तू डब्यात शंकरपाळे भरत होतीस. "टीव्ही नको. बाहेर मोकळ्यावर बसून रेडिओ ऐकायचा असं आमचं ठरलंय. ते लोक भरभर बोलतात, माझं इंग्रजी हॉस्पिटलपुरतं. तू ऐक आणि सांग." "मी काय कॉमेंट्रेटर आहे का?" तू डब्याचं झाकण दाबून बसवलंस आणि म्हणालीस, "एक दिवस हो."

तुला विमानांचं वेड कधी लागलं ते मला नक्की माहीत आहे, कारण मी तेव्हा तुझ्या मांडीवर होते. नव्वद साल, मी सात वर्षांची. इराकी फौजा आत शिरल्यावर आपण तिघं बसने बगदादवरून अम्मानकडे निघालो, सरहद्दीवरच्या तंबूंमध्ये दिवस काढले. पाणी रांगेत, भाकरी रांगेत, नाव नोंदवायला रांग. मला त्यातलं फारसं आठवत नाही, तंबूच्या कापडाला वाऱ्याने येणारा आवाज तेवढा आठवतो. मग एका पहाटे आपला नंबर लागतो. विमानात सगळे गप्प बसले आहेत, कुणाच्या अंगावर धड कपडे नाहीत, बाबांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी आहे. चाकं जमिनीवरून सुटतात आणि तू माझा हात घट्ट धरून म्हणतेस, "उचललं बघ आपल्याला." तो शब्द तू नंतर किती वेळा वापरलास. लढाई संपल्यावर आपण परत आलो, तू त्याच हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, बाबा अहमदीच्या तेल कंपनीच्या गोदामात. पण तेव्हापासून वर आवाज झाला की तुझी मान वर जायची. भाजी निवडता निवडता तू गच्चीत पळायचीस.

गच्चीवरची तुझी ती निळी वही. विमान कोणतं, शेपटीवरचा रंग, पंखाखालची अक्षरं, वेळ. मी नऊ-दहा वर्षांची असेन, तू ड्यूटीवर होतीस आणि मला सांगून गेली होतीस, चार वाजता जंबो जाईल, अक्षरं टिपून ठेव. मी कार्टून बघत बसले आणि मग आपल्या मनाने पाच अक्षरं लिहून टाकली. तू संध्याकाळी ती बघितलीस आणि मला समोर बसवलंस. आवाज चढवला नाहीस, त्यामुळेच जास्त भीती वाटली. "न दिसलेलं लिहायचं नाही," तू म्हणालीस. "मी थिएटरमध्ये गॉज मोजते. पोट शिवण्याआधी डॉक्टर विचारतात, सिस्टर, सगळे आले? मी न मोजता हो म्हटलं तर तो तुकडा माणसाच्या पोटात राहील. कळलं?" मी मान हलवली. तू ते पान फाडलं नाहीस, त्या ओळीवर एक आडवी रेघ मारलीस आणि शेजारी लिहिलंस, पाहिलं नाही.

पुढे तुला माणसं मिळाली. अहमदीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक मोकळा माळ होता, समुद्रावरून येणारी विमानं तिथे इतकी खाली यायची की चाकं मोजता यायची. बाबांची शुक्रवारची शिफ्ट असली की आपण त्यांच्याबरोबर जायचो, तू माळावर उतरायचीस. तिथे एक म्हातारे कुवेती यायचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या वडिलांचा मोत्यांचा व्यापार मुंबईत होता, म्हणून ते हिंदी बोलायचे. दुसरे मिरकाबमधल्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढणारे इजिप्शियन गृहस्थ, नेहमी कोट घातलेले. आणि राजापूरकडचा एक एसी मेकॅनिक, बायको-मुलं गावी, कॉन्ट्रॅक्टवर आलेला, जो पहिल्या दिवशी फक्त मराठी ऐकू आलं म्हणून थांबला आणि मग दर शुक्रवारी यायला लागला. चौघांनी मिळून एकच खूळ जपलं. कॉनकॉर्डचं. एकेकाळी ते लंडनहून बहारीनला यायचं, आणि भूगोलाचे मास्तर त्यात बसलेले होते. त्यांची ती गोष्ट तू दर महिन्याला नव्याने मागायचीस. वर गेल्यावर आकाश निळं राहत नाही, वांग्याच्या सालीसारखं होतं. खिडकीच्या काचेला हात लावला तर ती कोमट लागते, इतका वेग. इजिप्शियन काका कागदावर त्याचं नाक काढून दाखवायचे, उतरताना बगळा पाण्याकडे वाकतो तसं खाली झुकणारं. लंडनहून निघून ते अमेरिकेत निघाल्याच्या वेळेआधी पोचतं हे ऐकून तू किती हसली होतीस. "म्हणजे ड्यूटी संपवून निघायचं आणि ड्यूटी सुरू व्हायच्या आधी पोचायचं. आम्हा नर्सेसना हवं होतं हे."

त्या शुक्रवारी मेकॅनिक कंपनीची पिकअप घेऊन आपल्याला न्यायला आला. त्यानेही नवा शर्ट घातला होता. रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता, उन्हाची धार गेली होती, समुद्राकडून ओलसर वारा येत होता. माळावर पोचलो तेव्हा सूर्य अहमदीच्या बाजूला उतरत होता आणि सगळी वाळू जर्दाळूच्या रंगाची झाली होती. मास्तरांनी सतरंजी घातली होती, खजूर होते, गावा म्हणजे वेलदोड्याची अरबी कॉफी होती, तुझे शंकरपाळे मधोमध ठेवले. त्यांचा शॉर्टवेव्ह रेडिओ जुना होता, वाळू जाऊन स्पीकर बसलेला, फक्त कानातली वायर चालायची. ती वायर त्यांनी माझ्याकडे दिली. "बेटी, आज हम सब का कान तुम है." मग ते बाजूला जाऊन मगरिबची नमाज पढायला लागले. तेवढ्यात एक विमान आलं, समुद्रावरून, दिवे लावून, नेहमीसारखं खाली. मी सहज तुझ्याकडे बघितलं. तू चेहरा वर करून हसत होतीस, पण भलतीकडे. आवाज डोक्यावरून गेला तेव्हा तुझी मान त्याच्यामागून वळली, आवाजामागून, विमानामागून नाही. "कोणतं होतं गं?" तू हळूच विचारलंस. दुपारची ती टीव्ही नको, टीव्ही नको ही सगळी बोलणी मला एकदम कळली. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं. त्याला माहीत होतं.

विचारायला वेळ नव्हता. मास्तर नमाज आटोपून परत येऊन बसले होते, रेडिओवर बोलणं सुरू झालं होतं. मी आधी मराठीत सांगायची, मग इजिप्शियन काकांसाठी इंग्रजीत. लोक रस्त्यावर उभे आहेत. घरांच्या छपरांवर चढलेत. काही जण रडतायत. विमान शहराच्या अलीकडे आलंय. तू दोन्ही हात मांडीवर ठेवून परीक्षेला बसल्यासारखी बसली होतीस. आणि मग आवाज दूर गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि कानात नुसती खरखर उरली. मी बटण फिरवलं. खरखर. कुठूनसं अरबी गाणं, पुन्हा खरखर. "काय म्हणतायत?" तू विचारलंस. चौघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे तिघं बघत होते आणि तू कान लावला होतास. मला ती निळी वही आठवली, ती आडवी रेघ आठवली. रेडिओ बंद पडला, एवढंच तर म्हणायचं होतं.

"दिसलं," मी म्हणाले.

आणि बोलत सुटले. ढगांतून बाहेर आलंय. पांढरं, एकदम पांढरं. पंख मागे ओढलेले. आता नाक खाली झुकवतंय, बगळ्यासारखं. लोक टोप्या काढतायत. मी कधी विमानाकडे धड पाहिलं नव्हतं आई, पण तुम्ही लोकांनी इतक्या शुक्रवारी जे जे सांगितलं होतं ते सगळं माझ्यात कुठेतरी साठलेलं होतं आणि ते आपोआप येत गेलं. आतली माणसं काचेला हात लावतायत, मी म्हणाले, काच अजून कोमट आहे. खाली येतंय. अजून खाली. मागची चाकं टेकली, थोडा धूर निघाला. पुढचं चाक अजून वर आहे, टेकवायला त्याचं मन होत नाहीये. टेकलं. आता धावतंय, हळू होतंय, हळू होतंय. थांबलं.

अंधार पडत आला होता, रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मेकॅनिकने टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. मास्तर लंडन जिकडे असेल असं त्यांना वाटलं तिकडे तोंड करून म्हणाले, "फी अमानिल्लाह." आपल्या शेजारची सुदानी बाई गावी निघाली तेव्हा तिलाही सगळे हेच म्हणाले होते, देवाच्या हवाली. तू हात जोडलेस. तुझ्या गालांवरून पाणी येत होतं आणि तू ते पुसत नव्हतीस. "छान उतरलं," तू म्हणालीस. "कुणाला लागलं नाही, काही नाही. छान उतरलं."

परतताना पिकअपमध्ये मी मध्ये बसले होते. तू स्वतःहूनच बोललीस. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्यांमध्ये रक्त उतरत होतं, आठ महिने झाले होते. हॉस्पिटलात कुणाला सांगितलं नव्हतंस, कारण नोकरी गेली की राहण्याचा परवानाही जातो, आणि माझं लग्न व्हायचं होतं. "बाबांना?" मी विचारलं. "नाही." मग तू म्हणालीस, "मंगळवारी डॉक्टरांनी मागितला एक दोरा, मी दिला दुसरा. त्यांच्या लक्षात आलं, हसले, बदलून घेतला. ते हसले म्हणून मला झोप नाही." मेकॅनिक पुढे बघून गाडी चालवत होता. "ताई, नोकरी काय, परत बघता येईल," तो म्हणाला. "परत नाही रे," तू म्हणालीस. "पण उद्या जाऊन सांगणार मी." आणि तू खरंच गेलीस. चोवीस वर्षांची नोकरी तू शनिवारी सकाळी आपल्या तोंडाने संपवलीस. मला तुझा राग आला होता, अभिमान नंतर कधीतरी वाटला.

पुढच्या शुक्रवारी तू माळावर सगळ्यांचा निरोप घ्यायला गेलीस. रोजे सुरू होते म्हणून गावा नव्हती. इजिप्शियन काका मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "मी त्या रात्री बातम्या पाहिल्या. ती तीन होती, एकामागून एक उतरली. तू एकच उतरवलंस, दोन वर तशीच ठेवलीस." मी लाजून मेले. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. तिकडे तू मास्तरांना पुन्हा सांगत होतीस, पुढचं चाक कसं टेकायला तयार नव्हतं ते. तू काकांना हाक मारून विचारलंस, "हो ना, ब्रदर? तुम्ही टीव्हीवर पाहिलंत ना?" ते कोटाचं बटण लावत म्हणाले, "एक्झॅक्टली, सिस्टर. एक्झॅक्टली लाइक दॅट."

मिरजेला परत गेल्यावर तुझी दृष्टी जात जात पूर्ण गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू ते उतरणं सांगायचीस, माझ्याच शब्दांत, आणि दर वेळी त्यात तुझं काहीतरी घालायचीस. एकदा तू पायलटच्या आईलाही तिथे उभं केलंस. मी शेजारी बसून ऐकायची. सांगून टाकावं असं शंभरदा मनात आलं. शेवटच्या आजारात एका दुपारी आपण दोघीच होतो, तू जागी होतीस, बोलायला बळ होतं. मी तुझे पाय चेपत होते आणि शब्द अगदी ओठांवर होते. तू म्हणालीस, "पंखा जरा कमी कर." मी उठून पंखा कमी केला, आणि परत येईस्तोवर तू झोपली होतीस.

हे पत्र कुठल्याही टपालपेटीत पडायचं नाही, ते मला कळतं. लिहायला बसले त्याला कारण तुझी नात. परवा ती मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली. तिला तुझं वेड ऐकून माहीत आहे. "मम्मा, आय फाउंड इट. आजीचं प्लेन. लास्ट लँडिंग. बघ ना." पडद्यावर काळसर आकाश थांबलेलं होतं, फक्त बोट लावायचं बाकी होतं. मी हात ओले आहेत म्हणाले. हात कोरडे होते. इतक्या वर्षांत ते मी एकदाही पाहिलेलं नाही, आई. कधीही पाहता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. मला भीती वाटते, ते माझ्यापेक्षा चांगलं उतरलं असेल.