कुकरातला केक आणि पडेगावचे पाहुणे

नंदिनी,

केक झालाय, ताटाखाली झाकलाय. पूर्ण गार झाल्यावरच काढ, नाहीतर मोडेल. रवा, दही, साखर अन् चिमूटभर सोडा, एवढ्यातच केलाय. पडेगावचे पाहुणे आज तुझा होकार घ्यायला येतायत म्हणून बेकरीतून काही आणू नकोस.

लग्न होऊन तिकडं गेलीस की तुलाच करायचाय, म्हणून सांगते. कुकरात तळाला मीठ पसरायचं, शिट्टी अन् रिंग काढायची, पाणी घालायचं नाही. या घरात आलीस त्या वर्षी तू पाणी घातलंस आणि केकचा ढोकळा झाला. तू रडायला लागलीस, तर शिवराज म्हणाला, "लई भारी झालाय, आई, चटणी दे!" सगळा त्यानंच संपवला.

माझा लेक जाऊन चार वर्षं झाली. स्थळ चांगलं आहे, गार्गीलाही तो माणूस आवडतो. माझ्याकडं बघून अडू नकोस, हो म्हण.

मी फुलंब्रीला बहिणीकडं चाललेय. ती आजारी नाही, मीही रागावलेली नाही. काल वेणी घालताना गार्गी म्हणाली, "आजी, तू पण चल ना आमच्यासंगं." तेव्हा 'पोरीला तरी माझ्यापाशी ठेव' हे शब्द ओठांवर आले होते. आज पाहुण्यांसमोर ते तोंडून गेले, तर तू त्यांना नाही म्हणशील. तू तशीच आहेस, म्हणून मी घरात थांबत नाही.

आई