अडचण नसलेली सून

२० सप्टेंबर, शनि.
सोमवारी घट बसणार. पूजा याही वर्षी माझ्याकडेच. थोरल्या जाऊबाई स्मिताताईंची तारीख नेमकी पाचव्या माळेला. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. उरले मी. आई (सासूबाई) भाजीवालीला सांगत होत्या, "धाकटीचं बरंय. तिला कवाच अडचण नाय." मी मेथी निवडत राहिले. आठ वर्षांपूर्वी डोक्यातल्या गाठीला लाइट (रेडिएशन) घेतली. गाठ गेली. मग हळूहळू थायरॉइड गेलं, पाळी गेली, सकाळी उठायची ताकद गेली. मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी शेकली गेली, बाकीच्या ग्रंथींना कामाला लावणारी तीच. साहेबच नाही, मग फायली कोण हलवणार.

२२ सप्टें., सोम.
घट बसले. पहिली माळ. स्टेरॉइडची गोळी उठल्याउठल्या घ्यायची असते, पण आरती होईस्तोवर तोंडात पाणी घालायचं नाही, हा या घरचा नेम. दुपारची गोळी जेवणानंतरची. जेवणच नाही, म्हणून तीही राहिली. नितीन (नवरा) म्हणाला, "गोळीने कुठे उपवास मोडतो?" आई म्हणाल्या, "नऊ दिवस देवी बघंल." दोघंही मायेनेच बोलले. कामावर नेणारी कंपनीची बस चुकली. एस.टी.त बसताक्षणी झोपले, ती सिन्नर स्टँडलाच जागी.

२४ सप्टें., बुध.
भगर बघवत नाही. गोळी सकाळी उशिरा, दुपारी नाहीच. आणखी थोडेच दिवस, निघतील. चिडायचाही कंटाळा आलाय.

२६ सप्टें., शुक्र. दवाखान्यात.
काल घटाला माळ बांधायला खाली बसले, ती उठलेच नाही. बीपी लागत नव्हतं म्हणे. शिरेतून स्टेरॉइड दिलं. डोळे उघडले तर नि. समोर, पार उतरलेला. डॉक्टरबाई त्याच्यावर उखडल्या. "तिचं शरीर जे बनवत नाही, ते या गोळीतून मिळतं. ताप आला तर दुप्पट घ्यायची. उपवासाला एकही चुकवायची नाही. जीव जाईल." आई कोपऱ्यात स्टुलावर. घटाला पाणी कोण घालतंय, मी विचारलं. "मी. उभ्यानं घातलं." मग पदराने डोळे पुसले.

२७ सप्टें., शनि.
घरी आले. हाडं ठिसूळ होतायत, त्यासाठी आजपासून हार्मोनच्या नव्या गोळ्या. एकवीस दिवस घ्यायच्या, मग थांबायचं. पाळी येईल. मी विचारलंच. डॉ. म्हणाल्या, "ही पाळी गोळ्यांची. मूल हा वेगळा विषय. इंजेक्शनं, खटपट, आणि खात्री कुणी देणार नाही." घरात तो विषय कधीचा बंद आहे. कसाबसा बंद झालाय. पुन्हा उघडायची ताकद माझ्यात नाही.

९ ऑक्टो., गुरु.
स्मिताताई: "लक्ष्मीपूजनाचं तूच बघ हं, माझी तारीख तेव्हाच." मी मनात मोजलं. माझीही तेव्हाच. माहेरी बाजूला बसवायचे तेव्हा संतापाने जेवत नसे. आज वाटलं, चार दिवस कुणी हाक मारणार नाही. मजाच वाटली. किती थकलेय मी.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन.
सकाळी आली. बाथरूममध्ये रडले, का ते नीट सांगता येत नाही. बाहेर येऊन म्हटलं, "आई, आज मला पूजेचं नाही जमणार." त्यांनी हातातला लाह्यांचा डबा खाली ठेवला आणि माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला. आता पुन्हा आंघोळ करावी लागणार, याचंही भान नाही. "देवी पावली. उभ्यानं पाणी घातलं तवा हेच मागितलं व्हतं."

संध्याकाळी पूजेला त्याच खाली बसल्या. उठताना नि.ने धरलं. मला कुणी उठू दिलं नाही. लाह्या-बत्तासे पलंगावर आणून दिले. एवढा आराम, आणि झोप नाही.

नि. दाराशी आला. "गोळ्यांनी आलीय, हे सांगायला हवं ना आईला?"
"तू सांग."
"आज नको."

आई सिन्नरच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. धाकटीला घेऊन देवीच्या गडावर जायचं, नातवंडासाठी ओटी भरायची. मला ऐकू येईल असं, मुद्दाम मोठ्याने.

मग आत आल्या. उशाशी गोळ्यांचं नवं पाकीट होतं, पुढच्या आठवड्यात सुरू करायचं. "ह्या कशाच्या गं?"
"हाडांच्या."
खोटं नव्हतं. पुढचं बोलायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी पूजेच्या ताटातलं कुंकू बोटावर घेऊन पाकिटाला लावलं होतं.